आपण जोडलेले चित्र काढून टाकण्यात आले आहे

सोनकांबळे,

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला रागावले.

सकाळची वेळ होती. चहाचा कप बाजूला ठेवून मी आपल्या ईमेल-गटाचे मेल बघत होते. तुमच्या पत्त्यावरून एक मेल आलेला. विषय कोरा, आत मजकूर नाही. फक्त तळाशी ती ओळ, जी बारा वर्षांपूर्वी मीच लिहून यंत्रात घातली होती : 'या गटावर फक्त मजकूर स्वीकारला जातो. आपण जोडलेले चित्र काढून टाकण्यात आले आहे. सहकार्याबद्दल आभार.' मला वाटलं, झालं, पुन्हा फोटो पाठवला या माणसानं. आणि मी लगेच उत्तर लिहिलं, 'सोनकांबळे, किती वेळा सांगायचं? गटाचे नियम कृपया पुन्हा एकदा वाचा.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मॅडम, मी सुजाता, त्यांची मुलगी. बाबा परवा वारले. फोटोतच सगळं लिहिलेलं होतं.'

तुमच्या निधनाचं कार्ड तिनं तुमच्याच पत्त्यावरून गटाला पाठवलं होतं. कुणीतरी मोबाइलवर करून दिलं असेल, वर तुमचा फोटो, खाली नाव, वेळ आणि ठिकाण. माझ्या यंत्रानं ते काढून टाकलं आणि वर आभारही मानले. उरलेलं मी केलं.

सुजाताचा मेल वाचून रडू आलं नाही. कान तापले. शाळेत चोरी पकडली गेल्यावर तापतात तसे. त्यानंतर तीन आठवडे झाले, अजून ते निवलेले नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याशी सरळ बोलायची मला सवय नाही. मी तुम्हाला फक्त सूचना देत आले.

आपली पहिली भेट तुमच्या धर्माबादला झाली होती. लातूरहून कॉलेजची मुलं घेऊन मी वनस्पती दाखवायला आले होते. स्टेशनच्या टोकाला, फलाट संपतो तिथं, आम्ही एका काटेरी तणाभोवती उकिडवे बसलो होतो आणि मी मुलांना 'हा सराटा' म्हणून सांगत होते. मागून आवाज आला, "न्हाई म्याडम. सराटा भुईला चिकटून पसरतोय. हे उभं हाय. याला आमी मोठं गोखरू म्हनतो. पान भिजवून पाणी ढवळलं की पाणी बुळबुळीत होतंय बघा."

वळून बघितलं तर खांद्यावर हातोडा आणि पाना घेतलेले तुम्ही. रेल्वेत चावीवाला. रोज सहा किलोमीटर रूळ बघत चालायचं, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या. नजर सदा खाली. वीस-बावीस वर्षं खडीतून काय काय उगवतं ते तुमच्याइतकं कुणी पाहिलं असेल? एका मुलीनं पाण्याच्या बाटलीत पान घालून ढवळलं. पाणी तारेसारखं लांबायला लागलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मीही हसले, पण मला ते टोचलं होतं, हे आज सांगते.

तुम्हाला आपल्या 'तणकट' गटावर मीच घेतलं. तणांवर प्रेम करणारी शंभरेक माणसं, नांदेड-लातूरची जास्त, थोडी बाहेरची. कुणी शिक्षक, कुणी वैद्य, कुणी शेतकीतले निवृत्त साहेब. कुणाला अनोळखी झाड दिसलं की त्यानं त्याचं वर्णन लिहायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. प्रत्येक मेल आधी माझ्याकडे यायचा, मी वाचून पुढे सोडायचे. चित्रं यंत्रच काढून टाकायचं.

तुम्ही आल्या आठवड्यापासून फोटो पाठवायला लागलात. ते कुठे गेले मला माहीत नाही. माझ्या हाती यायच्या त्या फक्त तुमच्या दोन ओळी : 'जय भीम. हे काल पुलाजवळ दिसलं. काय हाय?' त्याखाली माझी आभाराची ओळ.

मी तुम्हाला कळवलं की फोटो चालत नाहीत, शब्दांत लिहा. तुम्ही विचारलंत, का? मी तीन कारणं दिली. खेड्यातल्या लोकांचं नेट हळू असतं. मेलपेट्या भरतात. आणि उषाताई. नांदेडच्या उषाताई, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, ज्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांचा संगणक मेल वाचून दाखवतो, पण फोटो वाचून दाखवत नाही. 'आपण सगळे चित्रं बघत बसलो तर त्यांनी काय करायचं?' असं मी लिहिलं. त्यावर कुणी काही बोलू शकत नव्हतं. म्हणूनच ते कारण मला आवडायचं.

चौथं कारण मी मनात ठेवलं होतं, पण त्यावर आपलं फोनवर भांडण झालंच. आठवतं? मी म्हणाले, "फोटो टाकला की माणूस बघायचं थांबतो. शब्दांत लिहायला बसला की त्याला पुन्हा झाडाकडे जावं लागतं. पान समोरासमोर आहे की एकाआड एक, देठ आहे की नाही, हे मोजावं लागतं. तेच खरं शिक्षण."

तुम्ही म्हणालात, "म्याडम, शब्द येत न्हाईत म्हनून दिसत न्हाई असं न्हाई."

मी म्हणाले, "मग शब्द शिका."

हे मी निवृत्त प्राध्यापिका म्हणून बोलले, असं तेव्हा वाटलं. आमच्या घरात पणजोबांपासून लिहिणं आहे. लातूरच्या बाजारात भुसार मालाचं दुकान, सकाळी इष्टलिंगाची पूजा, आणि पोरांनी शुद्धलेखन चुकवलं की आजोबांची छडी. तुमच्या घरात पहिली सही करणारे तुम्हीच, हे तुम्ही मला एकदा सहज सांगितलं होतंत. मी कधी जातपात पाळली नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. कुणाला पाण्याला अडवलं नाही, कुणाला दारात उभं केलं नाही. माझ्यातली जात तेवढ्यावर थांबलेली नव्हती, एवढंच. ती तुमच्या मेलमधले ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसायची. तुमचे मेल पुढे सोडण्याआधी मी ते दुरुस्त करायचे. 'हाय'चं 'आहे'. 'जय भीम' काढून टाकायचे, 'विषयाशी संबंधित नाही' म्हणून. इतरांचे 'नमस्कार' मात्र कधी विषयाबाहेरचे वाटले नाहीत.

तुम्ही शब्द शिकायला लागलात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर तुम्ही ते मोठं वर्णन पाठवलंत. निवृत्तीच्या आधीचे शेवटचे महिने होते तुमचे. मालगाड्या थांबतात त्या बाजूला, खडीत, एक वेल आला होता. पूर्वी कधी पाहिला नव्हता तुम्ही. धान्याच्या वाघिणीतून कुठलं तरी बी सांडलं असेल, असं तुमचं म्हणणं. तुम्ही तीनदा फोटो पाठवला, तिन्ही वेळा यंत्रानं काढला. मग लिहिलंत : 'पान मानसाच्या कानावानी. कडंला दुमडलेलं. फूल फिकं, सकाळी उघडतंय, धा वाजता मिटतंय. देठाला लव हाय, पन बोट फिरवलं तर एकाच बाजूला लागते.'

आज वाचते तेव्हा कळतं, इतकं नेमकं वर्णन 'तणकट'वर फार थोड्यांनी लिहिलंय. लव एकाच बाजूला लागते, हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. पण मी ते गटावर सोडताना खाली माझी टीप घातली : 'कानासारखे म्हणजे नेमके कोणाच्या कानासारखे? कृपया शास्त्रीय वर्णन करावे.' लोक हसले. एकानं लिहिलं, 'सशाच्या की हत्तीच्या?' मी तोही मेल पुढे सोडला.

'फोटो माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा, मी बघते,' असं मी म्हणू शकले असते. एक ओळ होती. नाही लिहिली.

तुम्ही गप्प झालात. मला बरं वाटलं, गट शिस्तीत आला असं वाटलं.

त्याच हिवाळ्यात पुण्याच्या एका प्राध्यापकांनी एका गवताच्या तुऱ्याचा फोटो पाठवायची इच्छा दाखवली. मोठं नाव. मी यंत्राची अट तासाभरासाठी उठवली, फोटो जाऊ दिला, वर लिहिलं, 'विषयाचे महत्त्व लक्षात घेऊन अपवाद म्हणून.' फोटो साधाच होता, थोडा हललेलाही. पंधरा जणांनी 'अप्रतिम' लिहिलं. त्या तासात मला ना हळू नेट आठवलं, ना उषाताई.

दुसऱ्या दिवशी तुमचा मेल आला. 'जय भीम म्याडम. तेंचा फोटू चालतो अन माझा न्हाई, असं का? भांडत न्हाई. फकस्त इचारून राहिलो.'

मी तो पुढे सोडला नाही. परतही पाठवला नाही. थांबवलेल्या मेलच्या रांगेत ठेवून दिला. उद्या उत्तर देऊ, असं म्हणाले. उत्तर मला माहीत होतं आणि ते लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून दोन वर्षं उद्या उद्या करत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. अधूनमधून फोटो मात्र पाठवत राहिलात. मला वाटायचं हट्टी आहे माणूस.

सुजाताच्या मेलनंतर काही दिवसांनी मी तुमच्या घरी यायला निघाले. एकटीनं यायची हिंमत नव्हती. नांदेडला उतरून उषाताईंना सोबत घेतलं. वाटलं, त्या बरोबर असल्या की आपली बाजू जरा सावरेल. गाडीत बसल्यावर मी त्यांना म्हणाले, "तुमच्यासाठीच तो नियम होता, उषाताई. सोनकांबळ्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही."

उषाताईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "माझ्यासाठी?"

"फोटो तुम्हाला कसे..."

"सरोजताई, सोनकांबळे मला दर रविवारी सकाळी फोन करायचे. दोन वर्षं. एक खाडा नाही. फोटो काढला की गटाला पाठवायचा, आणि मग मला फोनवर सांगायचा. अर्धा अर्धा तास. पान किती जाड, बोटाला कसं लागतं, चुरगाळल्यावर वास कशासारखा. मी रेणापूरकडची, लहानपणी रानातली सगळी झाडं वासानं ओळखायची. कित्येक झाडं आम्ही दोघांनी मिळून फोनवर ओळखली. ते म्हणायचे, 'ताई, तुमाला दिसत न्हाई अन बाकीच्यांना म्याडम दिसू देईनात. म्हंजी आपन समदे सारकेच.' आणि किती हसायचे!"

मी पर्समधली तिकिटं उगाच पुन्हा बघितली.

"माझ्या नावावर इतकी वर्षं बंदी चालवलीत. मला एकदा तरी विचारलंत? 'फोटो टाका, पण खाली चार ओळी वर्णनाच्या लिहा,' एवढं म्हणाला असतात तर माझंही भागलं असतं, त्यांचंही. लई अवघड होतं का?"

अवघड नव्हतं. तेच तर. आपल्या दोघांच्या भांडणाचं उत्तर इतकं सोपं होतं, सोनकांबळे, की ते मला सुचलं नाही याला एकच कारण असू शकतं. मला ते सुचू द्यायचं नव्हतं. उरलेला प्रवास उषाताई खिडकीकडे तोंड करून वारा घेत बसल्या.

तुमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी तुमचा फोटो होता, रेल्वेच्या गणवेशातला. तुमच्या पत्नी शांताबाईंनी पाणी दिलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमीच का त्या म्याडम?"

"हो."

"तेंच्या तोंडात लई नाव असायचं तुमचं. म्हनायचे, म्याडम कडक हाय, पर तिच्यामुळं मला ल्ह्यायची सवय लागली."

शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. सुजाता शेजारी येऊन बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते ती, डोळे तुमचेच, काहीही त्यांच्यातून सुटत नाही असे. तिनं तुमचा मोबाइल माझ्या हातात दिला. "बघा," एवढंच म्हणाली.

मी बघत गेले. केना, कुर्डू, पाथरी, माका, तरवडाच्या शेंगा, आणि कितीतरी, जी मला नावानं माहीत आणि अशी कधी बघितलेली नाहीत. प्रत्येक फोटोत पानाखाली तुमचा तळहात. सुजाता म्हणाली, "हात ठेवला की माप कळतंय म्हणायचे." वंगणानं काळ्या झालेल्या रेषांचा हात, आणि त्यावर ठेवलेलं पान. पट्टी ठेवून काढलेले फोटो मी जन्मभर पाहिलेत, त्यातलं एकही पान इतकं जपून धरलेलं नव्हतं.

मग तो वेल आला. सोनकांबळे, पान खरोखरच कानासारखं होतं. कड आतल्या बाजूला दुमडलेली, खाली पाळी लोंबावी तसा गोलसर भाग. दुसरा कुठलाही शब्द त्याला लागू पडला नसता. मी फोटो मोठा केला, बारीक केला. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं मी. मला तो वेल ओळखता आला नाही.

"काय आहे ते?" उषाताईंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. हे दोन शब्द गटावर मी कधीच लिहिले नव्हते.

सुजाता आम्हाला ती जागा दाखवायला घेऊन गेली. तिथं रूळ बदलायचं काम झालं होतं. सगळी खडी नवी, काळीभोर, एकसारखी. कडेचं गाजरगवतसुद्धा अजून आत शिरलं नव्हतं. उषाताईंनी खाली वाकून हात फिरवला आणि हात झटकून उभ्या राहिल्या. मी दोन्ही बाजूंनी बराच लांबपर्यंत चालले. बी नाही, वाळलेली काडी नाही. त्या हिवाळ्यात मी फोटो बघितला असता तर एक फांदी दाबून ठेवता आली असती, बी जमवता आलं असतं, कुणा जाणत्याला दाखवता आलं असतं. आता जगात त्या वेलाचं जे काही उरलंय ते तुमच्या मोबाइलमध्ये आहे.

शांताबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी आणि घोळीची भाजी. जेवताना मी सुजाताला म्हणाले, "हे फोटो गटावर यायला हवेत. मी आजच नियम बदलते. सगळे फोटो तुमच्या बाबांच्या नावानं..."

तिनं भाकरी मोडता मोडता थांबून माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "आता?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"बाबा होते तेव्हा काय दाखवायचं अन काय नाही ते तुम्ही ठरवत होतात. आता आम्हाला ठरवू द्या, मॅडम. तुमचा गट बाबांना आवडायचा, मला नाही. त्या कानाच्या मेलनंतर ते दोन दिवस आरशात बघून हसत होते. आई म्हणाली काय झालं, तर म्हणाले, 'बघतोय, माझा कान सशाचा हाय का हत्तीचा.' हसत होते, पण मला कळत होतं ना."

शांताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, पाव्हण्या हायत." सुजातानं माझ्या ताटात भाजी वाढली. मी खाल्ली. ताटात टाकायची लाज वाटली.

लातूरला परतल्यावर मी नियम बदलला. फोटो चालतील, खाली चार ओळी हव्यात. उषाताईंची अट म्हणून उषाताईंच्या नावानं, या वेळी त्यांना विचारून. मग थांबवलेल्या मेलची रांग उघडली आणि तुमचा दोन वर्षांपूर्वीचा मेल गटावर सोडला. एक अक्षर दुरुस्त केलं नाही. 'जय भीम'सकट. त्याखाली माझं उत्तर लिहिलं. ते असं होतं :

'सोनकांबळे, तुम्ही विचारलं होतं, त्यांचा फोटो चालतो आणि तुमचा का नाही. नियम सगळ्यांना सारखा नव्हता. त्यांचा फोटो मी उघडण्याआधीच मोलाचा मानला आणि तुमचा उघडण्याआधीच फालतू. हळू नेट, भरलेल्या पेट्या, उषाताई ही सगळी मी पुढे केलेली कारणं होती. रुळांवर चालणारा माणूस मला माझ्या विद्यार्थ्यांसमोर दुरुस्त करून गेला, ते मी विसरले नव्हते. आणि तुमची भाषा माझ्या गटाला शोभत नाही असं मला वाटत होतं. हा मेल मी दोन वर्षं दाबून ठेवला. माझी चूक झाली असं म्हणणार नाही. चूक नकळत होते.'

मग पाठवायचं बटण दाबलं.

उत्तरं आली. बरीचशी समजूत घालणारी : मनाला लावून घेऊ नका, सोनकांबळे मोठ्या मनाचे होते, त्यांनी कधीच माफ केलं असेल. हे वाचायला गोड लागतं, म्हणून मी ती दुसऱ्यांदा उघडली नाहीत. तुमची माफी परस्पर वाटून टाकायचा अधिकार त्यांना कुणी दिला? ज्यानं ससा-हत्ती लिहिलं होतं त्यानं एवढंच लिहिलं, 'मीही हसलो होतो.' ते मात्र खरं वाटलं. काहींनी फोटो पाठवायला सुरुवात केली, खाली चार चार ओळी. काही ओळी फार सुंदर आहेत. आपल्या भांडणात मी अगदीच चुकीची नव्हते, सोनकांबळे, लिहायला बसलं की माणूस पुन्हा झाडाकडे जातो. पण तुम्ही तर दर रविवारी जात होतात.

तुमच्या वेलाचा फोटो अजून गटावर आलेला नाही. मी पुन्हा मागितलेला नाही, मागणार नाही.

परवा सुजाताचा गटासाठी मेल आला, या वेळी तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून. सोबत चित्र नव्हतं. लिहिलं होतं :

'जय भीम. तुमचं उत्तर वाचलं. आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, हे तेन्ला जित्तेपणी सांगायचं व्हतं.'

मी तो जसाच्या तसा पुढे सोडला.